वखारीतला शिपाई

बेळगावहून निपाणीला जायला बस कधीही मिळते. अंबाक्काला घेऊन निघायचं तर मात्र मुहूर्त लागतो. आधी ती पिशवीत आधार कार्ड आहे का ते बघते, मग शेजारणीला किल्लीची जागा सांगते, आणि शेजारीण आत गेली की किल्लीची जागा बदलते. त्या दिवशी हे सगळं यथासांग झालं. हिरवं इरकल नेसून, कपाळावर ठसठशीत कुंकू लावून ती अनगोळच्या बसस्टॉपवर उभी राहिली आणि धाकट्या भावाला म्हणाली,

"परशा, मी बरी दिसतोय न्हवं?"

परशराम सत्तरी ओलांडलेला माणूस. तहसील कचेरीत कारकुनी केलेली, कुठल्याही प्रश्नाला हो किंवा नाही असं सरळ उत्तर न देण्यात हयात गेलेली. तरीही या प्रश्नाला काय म्हणावं ते त्याला सुचलं नाही. कारण आक्का नवऱ्याला भेटायला निघाली होती, आणि तो तिला घेऊन चालला होता तो तिचा नवरा मेला आहे हे तिला पटवण्यासाठी.

अंबाक्काचा नवरा यल्लाप्पा पासष्टच्या लढाईत गेला. गेला म्हणजे मेला, असं सरकार म्हणालं. गेला म्हणजे गेलाय, येईल, असं आक्का म्हणाली. देह काही आला नाही. सरकारने त्याला मेलेला धरून पेन्शन सुरू केलं, आणि आक्का ते दर महिन्याला 'त्यांचा पगार' म्हणून घेत राहिली. एकाच माणसाबद्दल दोन्ही बाजूंची अशी वेगवेगळी समजूत असूनही व्यवहार इतकी वर्षं सुरळीत चालला, याचं सरकारी खात्यात राहिलेल्या माणसाला नवल वाटत नाही.

पण अलीकडे तिन्हीसांजा झाल्या की आक्का घराबाहेर पडायला लागली होती. एकदा खासबागच्या चौकात सापडली. एकदा रेल्वे स्टेशनच्या बाकड्यावर, मांडीवर भाकरीचं गाठोडं घेऊन. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, फार दगदग नको. परशरामाला झोप लागेना. ही अशीच कुठल्यातरी रस्त्याच्या कडेला वाट बघत मरणार, आणि कुणीतरी अनोळखी माणूस तिच्या तोंडावर पदर टाकणार, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. वाट बघणं थांबायला हवं होतं. त्याला उपाय एकच होता.

ज्याचा देह सापडत नाही, त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात. डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, नाव घेतात आणि अग्नी देतात. मूळ कागद गहाळ झाला तर नक्कल काढून प्रकरण निकाली लावायचं, ही सोय कचेरीआधी शास्त्राने करून ठेवली आहे. परशरामाने हे आक्काला अनेकदा सुचवलं होतं. दर वेळी तिने चुलीकडे तोंड फिरवलं होतं. या वेळी मात्र ती म्हणाली,

"त्यांचं तोंड दाव. मग तुझी पानं जाळ."

आणि नेमकं त्याच सुमाराला निपाणीचं संग्रहालय उघडलं.

निपाणीबाहेर तंबाखूची एक जुनी वखार रिकामी पडली होती. माजी सैनिकांच्या एका संघटनेने ती मागून घेतली आणि आत आजूबाजूच्या गावांतल्या पलटणवाल्यांच्या वस्तू मांडल्या. घरोघर जाऊन माणसं पदकं, फोटो, पत्र्याच्या ट्रंका गोळा करत फिरली. अनगोळला आली तेव्हा आक्काने ट्रंकेतून यल्लाप्पाचा खाकी पोशाख काढून दिला होता. रजेवर आला असताना मागे ठेवून गेलेला. "मानानं उभं करतो बगा दाजींना," असं त्या माणसांनी सांगितलं होतं, आणि आक्काने ते शब्द जसेच्या तसे धरले होते. उभं करतो म्हणाले, म्हणजे उभे असणार.

परशरामाचा हिशोब साधा होता. तिथे भिंतीवर यल्लाप्पाचा हार घातलेला फोटो असणार. त्याच्या पोशाखात एक मातीचा नाहीतर प्लॅस्टरचा बाहुला असणार. आक्का दोन्ही बघेल, रडेल, आणि प्रकरण मिटेल.

वखारीच्या दारावर पाटी होती. कन्नडमध्ये मोठी, मराठीत लहान आणि इंग्रजीत चुकीची. दारात भावकू उभा होता. हा निवृत्त हवालदार. संग्रहालयाचा चिटणीस तोच, माहिती सांगणारा तोच, आणि खांद्यावरच्या फडक्यावरून दिसत होतं की धूळ पुसणाराही तोच.

"या आक्का, या अण्णा! आज तुमीच पयले. म्हंजे, आज म्हंजे ह्या आठवड्यात," भावकू म्हणाला. "चपला ऱ्हाऊ द्या पायात. देऊळ न्हवं हे."

"मग हळद-कुंकू कशाला सांडलंय?" आक्काने उंबऱ्याकडे बोट दाखवलं.

"उद्घाटनाचं हाय त्ये. अजून निघंना."

आत शिरताच तंबाखूचा उग्र वास नाकात गेला. पोती जाऊन कैक वर्षं झाली होती, पण भिंती अजून तंबाखूच्याच होत्या. परशरामाला सटासट शिंका आल्या. छत कौलारू, उंच. खिडक्या नाहीतच, वर कौलांखाली हाताएवढे झरोके. बाहेर दुपारचं रणरणतं ऊन आणि आत ट्यूबलाईटचा निळसर उजेड. एका काचेच्या पेटीत पदकं होती, एकीत कुणाचातरी दाढीचा डबा, एकीत गंजकं पातेलं. पातेल्याखाली लिहिलं होतं, 'युद्धातील पातेले.' कुठल्या युद्धातलं ते पातेल्यालाच ठाऊक.

फोटो आतल्या भिंतीवर होते. यल्लाप्पाचा फोटो लग्नाच्या फोटोतून कापून मोठा केलेला, त्यामुळे चेहरा धुक्यातून बघितल्यासारखा आणि एका कडेला आक्काच्या शालूचा तुकडा राहून गेलेला. बाकी सगळ्या फोटोंना चंदनाचे हार. याला नाही.

परशरामाने भावकूला बाजूला घेतलं. "हार का न्हाय घातला?"

"कसा घालू अण्णा? आक्कानीच सांगितलंय, त्ये यायचं हायत म्हनून."

"आरं, पर मी सांगितलं हुतं की!"

"तुमी मेव्हणं. ती बायकू." भावकू म्हणाला. पलटणीत हुद्द्याचा क्रम तो शिकला होता.

आक्काने फोटोकडे फारसं बघितलंच नाही. "फोटू घरात बी हाय," ती म्हणाली. "उभं केलंय म्हनला हुता, त्ये कुटं?"

वखारीच्या मागच्या अर्ध्या भागात खंदक केला होता. वाळूची पोती रचलेली, वर काटेरी तार, आणि मधे पोशाख घातलेले शिपाई. परशराम पोत्यांना वळसा घालून पुढे गेला आणि इतक्या गंभीर प्रसंगीही त्याला हसू आवरेना. खासबागेतलं एक साडीचं दुकान बंद पडलं होतं, त्यातले बाहुले संघटनेला स्वस्तात मिळाले होते. गुलाबी गाल, कोरलेल्या भुवया, लाल ओठ, आणि त्या ओठांवर काळ्या ऑईलपेंटने ओढलेल्या मिशा. प्रत्येकीचा एक हात कमरेवर आणि दुसरा पदर पसरून दाखवण्यासाठी पुढे केलेला. त्या पुढच्या हातात आता लाकडी बंदूक दिली होती.

"उद्घाटनाला लई गर्दी हुती," भावकू अभिमानाने सांगत होता. "संकेश्वरचं भटजी आनलं. त्येनी सगळं यवस्थित केलं बगा. एकेकाच्या छातीला दर्भ लावून, कानात मंतर म्हनून."

"कसले मंत्र?" परशरामाने विचारलं.

"प्रानपर्तिष्ठेचं."

"आरं, ती मूर्तीची करत्यात!"

"भटजींस्नी त्येवडंच येतंय. गणपती असू दे, मारुती असू दे, त्येच म्हनत्यात. आमाला काय, पूजा झाल्याशी मतलब."

"मग गणपतीचं विसर्जन करत्यात. ह्यांचं काय केलासा?"

भावकूने डोकं खाजवलं. "त्ये कुनी काडलंच न्हाय," तो म्हणाला. "विषयच निगाला न्हाय."

यल्लाप्पाचा पोशाख सगळ्यात शेवटच्या बाहुल्याच्या अंगावर होता, खंदकाच्या कोपऱ्यात. आक्का त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. परशराम थोडा मागे थांबला. आता ती त्या गुलाबी तोंडाकडे बघेल आणि सगळं तिच्या लक्षात येईल, म्हणून त्याने रुमालसुद्धा काढून ठेवला.

तेवढ्यात वीज गेली.

"च्या मायला! थांबा हं, जनरेटर लावून येतो," भावकूचा आवाज आला. त्याच्या चपला फटफट करत दाराकडे गेल्या, दार करकरलं, आणि आपल्या वजनानेच परत मिटलं.

भर दुपार होती, पण वखारीने दुपार बाहेरच ठेवली होती. वरच्या झरोक्यांतून आलेल्या उजेडाच्या तिरप्या सळ्या कौलांजवळच अडकून राहिल्या होत्या. खाली काही दिसत नव्हतं. तंबाखूची धूळ घशाशी येत होती. बाहेर हायवेवरून ट्रक जात असतील, पण त्या जाड भिंतीतून त्यांची नुसती थरथर पायाला कळत होती. मग तीही थांबली. परशरामाच्या लक्षात आलं, वास बदलतो आहे. तंबाखू मागे सरला होता आणि ओल्या लोकरीचा, तेलाचा, खूप दिवस न धुतलेल्या अंगाचा वास पुढे आला होता. थंडीच्या मुलखातला वास.

"आलासा?" आक्का हळूच म्हणाली.

ती बाहुल्याशी बोलते आहे, हे परशरामाला कळलं. बोलू दे. मन मोकळं होईल.

"बसा की... उभंच किती ऱ्हायाचं."

फरशीवर खिळ्याच्या बुटाचा आवाज झाला. एकच. पाय बदलल्यासारखा.

भावकू चपला घालून होता. आक्काच्या पायात रबरी स्लिपर. परशराम आपल्या बुटांकडे बघायला खाली वाकला, जणू अंधारात ते दिसणार होते. आपलेच वाजले असतील, असं त्याने ठरवून टाकलं. पण आपण हललो होतो का, हे त्याला आठवेना.

"एक इचारू?" आक्का विचारत होती. तिचा आवाज परशरामाने लहानपणी ऐकलेल्या तिच्या आवाजासारखा झाला होता, पातळ आणि लाजरा. "मला काय म्हनून हाक मारत हुता... सांगा बगू."

मग अंधारात कुणीतरी श्वास आत ओढला. वाळलेलं पान मुठीत चुरावं तसा तो आवाज होता.

"राजा..."

"आनी?"

"...राजाबाई."

परशरामाला वाटलं, भावकू परत आला असावा. तोच बोलत असेल. किंवा आक्काच दोन्ही बाजूंनी बोलत असेल, म्हाताऱ्या बायका बोलतात तसं. किंवा आपल्याला ऊन लागलं असेल. तिन्ही कारणं पटण्यासारखी होती, आणि त्याला एकही पटत नव्हतं.

"गाव कुठलं तुमचं?" आक्काने विचारलं. आता आवाज पुन्हा म्हातारीचा झाला होता.

"...आठवंना."

"नाव?"

"...आठवंना. अंधार हुता... मग कुनीतरी बोलिवलं. छातीला हात लावून बोलिवलं... म्हनून आलो. कपडं हुतं, त्यात ऱ्हायलो." मग बारीक, अगदी पोरासारखं, "राजाबाई कुटं हाय?"

परशराम पुढे झाला. आक्काला धरून बाहेर काढायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. हात पुढे करून तो चाचपडत गेला आणि बोटांना खरखरीत खाकी बाही लागली. पोशाखाची बाही. ती त्याने घट्ट धरली, कारण पडण्यापेक्षा बाहुला धरलेला बरा. बाही गरम होती. उन्हात वाळत घातलेलं कापड गरम लागतं तशी नाही. नुकत्याच अंगावरून काढलेल्या सदऱ्यासारखी. आणि बाहीच्या आत जे होतं, ते प्लॅस्टर असेल तर प्लॅस्टर हळूहळू वरखाली होत होतं.

ट्यूबलाईट फडफडले आणि लागले.

बाहुला होता तिथेच होता. एक हात कमरेवर, लाल ओठ मिटलेले. मिशीचा काळा रंग मात्र एका बाजूने ओघळून हनुवटीपर्यंत आला होता. आक्का दोन पावलं मागे सरली होती. तिने डोक्यावरून पदर घेतला होता, दोन्ही कान झाकून, मान खाली. घरात परका पुरुष आला की घेते तसा.

"आपोआप आली बगा लाईट!" भावकू दारातून ओरडला. "जनरेटरला डिझेलच न्हवतं. काय झालं अण्णा? घाम किती आलाय."

परशरामाने रुमाल काढलेलाच होता.

"चल परशा," आक्का म्हणाली. "पानं आन."

"म्हंजे... तू तयार हायस?"

"व्हय. तोंड बघिटलं."

परशरामाच्या छातीवरचं ओझं उतरलं. जे ऐकलं ते ऐकलंच नाही, असं त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. अर्जदार स्वतःहून अर्ज मागे घेत असेल तर कारण विचारायचं नसतं. पण आक्का जागची हलली नव्हती. ती बाहुल्याच्या गळ्याचं बटण काढत होती.

"आक्का, आक्का! त्ये न्हेता येत न्हाय!" भावकू धावला. "दान दिल्यालं हाय. समितीची मिटिंग घ्यावी लागंल."

"घे की. तवर मी बटनं काडतो."

समिती म्हणजे भावकूच होता. त्याने थोडा वेळ आक्काकडे बघितलं, मग परशरामाकडे, आणि मग पट्टा सोडवायला तिला मदत केली. पोशाख उतरल्यावर मागे राहिली ती साडीच्या दुकानातली एक गुलाबी बाई, मिशा असलेली, पदर नसलेली. तिची भीती वाटण्यासारखं काही उरलं नव्हतं. आक्काने पोशाखाची घडी घातली नाही. तान्हं मूल उचलावं तसा तो दोन्ही हातांवर घेतला.

परतीच्या बसमध्ये तिघांची सीट मिळाली. आक्काने पोशाख आपल्या आणि परशरामाच्या मधे ठेवला. कंडक्टर आला, त्याने बायकांच्या फुकट प्रवासासाठी आक्काचं आधार कार्ड बघितलं आणि मशीन दाबत म्हणाला,

"एरडु जेंट्स." दोन पुरुष.

"ओंदे," परशराम म्हणाला. एकच.

कंडक्टरने मधल्या जागेकडे बघितलं. कपाळ चोळलं. परत बघितलं. मग एक तिकीट फाडून दिलं आणि दुसरं आपल्याच खिशात कोंबून पुढच्या सीटकडे गेला. बेळगाव येईपर्यंत तो मागे फिरकला नाही. संकेश्वर ओलांडताना उसाच्या गाड्यांमुळे बस बराच वेळ थांबली. आक्का खिडकीतून बाहेर दाखवून हलक्या आवाजात सांगत होती, ही नदी, हा कारखाना, हे गाव आठवतंय का. परशरामाने डोळे मिटून घेतले. सांगणं आपल्यालाच चाललं आहे असं समजायला मिटलेले डोळे बरे पडतात.

चार दिवसांनी विधी संकेश्वरलाच केला, हिरण्यकेशीच्या काठी. भटजी तेच, उद्घाटनाचे. परशरामाने मुद्दाम तेच बोलावले. ज्याने आत आणलं त्यानेच बाहेर सोडावं, असा त्याच्या मनात कुठेतरी विचार असावा, पण तो त्याने स्वतःलाही सांगितला नव्हता. पाणी ओसरलेलं, काठची वाळू ओली. पळसाच्या पानांचा पुतळा दर्भाने बांधून चितेवर ठेवला. आक्काने त्याच्यावर पोशाख पांघरला, बटणं लावली.

"मृताचं नाव सांगा," भटजी म्हणाले.

"यल्लाप्पा," परशराम म्हणाला.

"न्हवं." आक्का मागून म्हणाली. "त्यांचं नाव घ्याचं न्हाय. राजाबाईचा नवरा म्हना."

भटजींनी पळी खाली ठेवली. "कोण राजाबाई?"

"आसंल कुनीतरी. बिचारी मेली बी आसंल वाट बघून. तुमी म्हना."

परशरामाने जे ऐकलंच नाही असं ठरवलं होतं, ते सगळं एकदम कानात आलं. त्याने आक्काला हाताला धरून बाजूला ओढलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो तिच्यावर ओरडत होता, आणि तेही कुजबुजत.

"आक्का, आगं हे मी तुझ्यासाठी करतोय! दाजींसाठी करतोय! आनी तू..."

"त्ये तुझं दाजी न्हवतं, परशा. कपडं त्यांचं, पर आत दुसराच. त्याला कुनीच न्हाय रं. आनी बोलिवलं आपल्यातल्यांनीच. सोडाय नको?"

"मग दाजी?"

"त्ये यायचं हायत की," आक्का म्हणाली.

भटजींनी नाव नसलेल्या माणसाला अग्नी दिला. त्यांनाही दुपारी दुसरीकडे वास्तुशांत होती. पानं तडतडली, खाकी कापड आधी काळं झालं आणि मग एकदम पेटलं. परशराम नदीकडे तोंड करून उभा राहिला. सगळं फुकट गेलं होतं. उद्या तिन्हीसांजेला आक्का पुन्हा बाहेर पडणार, आणि आपण पुन्हा शोधत फिरणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला आले. उन्हं नुकतीच वर आली होती, नदीवर पांढरं धुकं होतं. भटजींनी राखेवर दूध शिंपडलं आणि काठीने राख बाजूला सारली. पानांची राख हलकी असते, फुंकरीने उडते. काठी कशाला तरी लागली. भटजी खाली वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

राखेत हाडं होती.

नारळाची करवंटी असेल, असं परशरामाला वाटलं. करवंटीही होती. ती वेगळी होती. हाडं पांढरी, नीट भाजलेली, माणूस झोपतो त्या क्रमाने पडलेली. पायाकडे पाय, मांडीच्या जागी मांडी.

"मी... हात धुऊन येतो," भटजी म्हणाले. ते पाण्याकडे गेले नाहीत. रस्त्याकडे गेले. नंतर त्यांच्या स्कूटरचा आवाज आला.

आक्काने मडकं पुढे ओढलं आणि एकेक हाड आत ठेवायला लागली, न घाबरता, न घाई करता. "बगिटलास? गेला बिचारा," ती म्हणाली. मडक्याच्या तोंडाला फडकं बांधून ती उठली, तिने नदीकडे बघितलं, आणि मग वाळूकडे.

परशरामानेही बघितलं.

ओल्या वाळूत ठसे उमटले होते. पाण्यापासून वर आलेले, आणि वर येऊन थांबलेले. एकामागे एक, सरळ रांगेत, सगळ्यांचे चवडे राखेकडे. काही खिळ्याच्या बुटांचे, काही अनवाणी. एका ठिकाणी एकाच पायाचा ठसा होता आणि शेजारी काठीचं भोक. परत गेल्याची खूण कुठेच नव्हती.

परशराम जन्मभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसला होता. रांगा त्याने पुष्कळ बघितल्या होत्या. ढकलाढकलीच्या, शिव्यागाळीच्या, मधेच घुसणाऱ्यांच्या. इतकी शिस्तीची रांग त्याने कधी बघितली नव्हती.

आक्का रांगेच्या कडेने चालायला लागली. प्रत्येक ठशापाशी थांबायची, मान वर करून, जिथे चेहरा असता तिथे बघायची, हळूच काहीतरी विचारायची. उत्तर ऐकण्याइतका वेळ उभी राहायची. "हं... बरं... थांबा जरा," म्हणायची आणि पुढच्या ठशाकडे जायची.

"आक्का, चल घरी," परशराम म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही.

"पानं लई लागत्याल, परशा," ती न वळता म्हणाली.

ती रांगेच्या शेवटाकडे येत होती. रांग आपल्या दिशेनेच येते आहे, हे परशरामाच्या उशिरा ध्यानात आलं. शेवटचा ठसा त्याच्या पुढ्यात होता. त्याने खाली बघितलं. तो स्वतः नेमका त्या ठशांच्या ओळीत उभा होता, पुढच्याच्या मागे, योग्य अंतर सोडून. आपण इथे कधी येऊन उभे राहिलो, ते त्याला सांगता आलं नसतं. आणि त्याच्या टाचांच्या मागे, पाण्याच्या बाजूच्या सपाट वाळूत, पाणी पिळून निघाल्याचा बारीक आवाज झाला. एकदा. मग दुसऱ्या पायाचा.

आक्का त्याच्यासमोर येऊन थांबली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या खांद्यावरून मागे, थोडं वर बघत होती. सुरकुतलेल्या गालांवर हळूहळू हसू पसरत गेलं. परक्यासमोर घेते तसा पदर तिने या वेळी घेतला नाही.

"लई उशीर केलासा," ती म्हणाली.

मागून उत्तर आलं. अगदी मानेजवळून, पुरुषाच्या आवाजात, भरपूर वेळ असल्यासारखं सावकाश. परशरामाला शब्दन् शब्द स्पष्ट ऐकू आला. ते मराठी नव्हतं. कानडी नव्हतं, हिंदीही नव्हतं. त्याने आयुष्यात कधीही न ऐकलेली ती भाषा होती, आणि आक्का मान डोलावत ऐकत होती.